जयवंताबाईची बिनचुलीची कढी

"आता झाकन काढलं असन त्यानं," जयवंताबाई म्हणाली आणि कपाळावर हात आडवा धरून तिनं सूर्याकडे पाहिलं.

मागून डोक्यावर गाठोडं घेऊन येणारी तिची सून रुख्मिणी हसली. बडनेरा सोडल्यापासून हे असंच चाललं होतं. सकाळी आत्याबाई म्हणाल्या होत्या, आता वाळकं तोडून आणली असतील. थोडं ऊन चढल्यावर म्हणाल्या, आता लसूण ठेचून झाला असेल. आणि आता हे झाकण.

"आत्याबाई, तुमी अठूनच कढी वाढून राहिल्या का?"

"काय करू वं? त्याच्या हातले मापच नाही. मिरच्या जास्त टाकीन अन् गाडीवाले बोंबलत अमरावतीले पोचतीन. लोकं म्हनतीन, जयवंता बुढीचं डोकं फिरलं."

"फिरलं तं फिरलं. एक वर्स लेकाच्या हातची पिऊ द्या की लोकायले."

"तेच म्हनतो मी," जयवंताबाई म्हणाली. तिच्या चालण्यात एकदम हुरूप आला. "माह्या पोरानं स्वताहून म्हटलं, आई तू जाय, निंबाखाली मी बसतो. कोनाचा पोट्टा म्हनते असं आजकाल?"

दोघी अमरावतीच्या अंबादेवीचं दर्शन घेऊन परत निघाल्या होत्या. गाव उमरी, मूर्तिजापूरच्या अलीकडं, उमा नदीपासून हाकेच्या अंतरावर. वैशाखातलं ऊन असं होतं की पायाखालचा फुफाटा वहाणेतून लागायचा. पण रस्ता ओस नव्हता. दूर समुद्रापलीकडं कुठं गोऱ्यांची आपसात लढाई पेटली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला होता, आणि इकडं वऱ्हाडातल्या कापसाला कुणी स्वप्नातही पाहिला नव्हता असा भाव आला होता. गठ्ठे लादलेल्या गाड्यांची रांग खामगावकडं सरकत होती. समोरून मीठ, कापड, नाहीतर नुसतीच धूळ घेऊन गाड्या परत येत होत्या. अशा रस्त्यावर दोन बायांना भ्यायचं कारण नव्हतं. गाडीच्या सावलीत चालायचं, गाडीवान पुढं गेला की दुसरीच्या सावलीत.

ह्या गाडीवानांना उमरी गावाची ओळख एकाच गोष्टीनं होती. गावाबाहेर रस्त्याला लागून एक मोठा कडुनिंब, त्याच्या बुंध्याशी शेंदूर लावलेले मातामायचे, म्हणजे देवीचे, गोटे, आणि उन्हाळाभर दुपारी त्या सावलीत मडकं घेऊन बसलेली जयवंताबाई. मडक्यात बिनचुलीची कढी.

हे नाव लोकांनीच पाडलं होतं. दिसायला ती कढी, पण तिला विस्तव म्हणून लागायचा नाही. दूधसुद्धा तापवायचं नाही. गाईखालून आणलं की तसंच कोमट विरजायचं. ताक घुसळून त्यात मळ्यातलं कोवळं वाळूक, काकडीच्या जातीचं, किसून टाकायचं. हिरवी मिरची, लसूण आणि कच्चं जिरं पाट्यावर वाटून घालायचं, मीठ घालायचं, वरून मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून टाकायचा. मग मडक्याचं तोंड ओल्या फडक्यानं बांधून ते विहिरीच्या पाटाखालच्या वाळूत गळ्यापर्यंत पुरायचं. दुपारी काढलं की मडक्याला हात लावल्यावर बोटं आखडायची.

आणि पिणारे तरी किती तऱ्हेचे! कुणी पळसाच्या द्रोणात घेऊन एका घोटात संपवी आणि द्रोण पुन्हा पुढं करी. कुणी फडक्यातली ज्वारीची शिळी भाकर कुस्करून काला करी आणि बोटं चाटत बसे. एक म्हातारा आधी द्रोण दोन्ही डोळ्यांना लावायचा, मग प्यायचा. उस्मानभाई नावाचा कारंज्याचा गाडीवान होता, त्याला पातळ नको असायचं. तो म्हणायचा, "अम्मा, नीचेवाला दो," आणि मडक्याच्या बुडाशी बसलेला वाळकाचा कीस बोटांनी काढून हळूहळू चघळायचा. त्याचं म्हणणं, जीभ उशिरापर्यंत थंड राहते. जातीपातीचाही तिथं अडसर नव्हता. एकदा गावच्या एका शहाण्यानं टोकलं, तर जयवंताबाई म्हणाली होती, "जे चुलीवर चढलंच नाही त्याले इटाळ कायचा, बाप्पा? तुम्ही चिंच-बोरं कोनाच्याही हातची खाता का नाही?" तो गप्प बसला, आणि बसला तो द्रोण घेऊनच.

ती ह्याचे पैसे घेत नसे. तो नवस होता.

तिचा लेक सहदेव लहान असताना त्याला देवी आल्या. सगळ्या अंगभर, डोळ्यांच्या पापण्यांवरसुद्धा. घरात देवी आहे म्हटल्यावर चूल पेटवायची नाही, फोडणी द्यायची नाही. पोराच्या घशाखाली काही उतरेना. तेव्हा जयवंताबाईनं ही अशी गार कढी केली, मिरची न घालता, आणि कापसाचा बोळा तिच्यात बुडवून त्याच्या ओठांवर पिळत बसली. एक थेंब आत गेला की मातामायचं नाव घ्यायचं, मग दुसरा. पोरगा वाचला. गालांवर व्रण राहिले, हसला की ते व्रण आत जायचे आणि तो जास्तच गोड दिसायचा. तिनं मातामायला शब्द दिला होता की माझ्या हातापायात बळ आहे तोवर उन्हाळ्यात वाटेनं जाणाऱ्या कुणाचा घसा कोरडा राहू देणार नाही. तिचा नवरा नत्थुजी तेव्हा होता. त्यानं विहिरीजवळची मळ्याची पट्टी ह्या वाळकांसाठी वेगळी काढून दिली. तो गेला, पट्टी राहिली.

त्या वेलांचाही एक नेम होता. पहिलं फळ धरलं की जयवंताबाई आंघोळ करून त्याच्या डेखाला, म्हणजे देठाला, लाल धागा बांधायची. ते मातामायचं. ते तोडायचं नाही, वेलावरच पिवळं होऊ द्यायचं, आणि मग गोट्यांपुढं ठेवून त्याचं बी पुढच्या वर्षाला काढून घ्यायचं. लाल धागा बांधलेल्या वाळकाला उमरीतला चोरसुद्धा हात लावत नसे.

पण कापसाला भाव आल्यापासून उमरीतली माणसं नांगर घेऊन बांधाच्या कडेपर्यंत जाऊ लागली होती. गुरांच्या चराईची जागा मोडली, भुईमुगाची वावरं मोडली. सहदेवचे सोबती त्याला डिवचू लागले. "काय रे वाळकाच्या माळ्या, लोकं चांदीच्या घुंगराच्या बैलजोड्या घेऊन राहिले, अन् तू आईसाठी भाजी खुडतं!" ह्या होळीच्या सुमारास तो आईजवळ बोलला, की विहिरीजवळचीच जमीन सगळ्यात काळी आहे, तिथं कपाशी हत्तीएवढी होईल. जयवंताबाई नुसती उठून निंबाखाली जाऊन बसली. संध्याकाळी तो तिच्यामागं गेला, मातामायपुढं शपथेचा बेलभंडार उचलला आणि म्हणाला, "तू हायेस तोवर ह्या पट्टीले माहा नांगर लागनार नाही, आई. आता उठ, जेवाले चाल."

त्या दिवसानंतर तिनं त्या गोष्टीचा विचार डोक्यातून काढून टाकला होता. पोरानं बेलभंडार उचलला म्हणजे झालं.

दोन बैलांची एक रिती गाडी समोरून आली. गाडीवान जवानच होता, डोक्याला ओला रुमाल गुंडाळलेला. जयवंताबाईनं त्याला थांबवलं.

"काय बापू, उमरीकडून आला का?"

"हो."

"निंबाखाली कढी भेटली का? कशी होती? लय तिखट होती का?"

"निंबाखाली?" गाडीवान म्हणाला. "तठी तं कोनी नोतं, बुढे. दोस्तायनं मले सांगतलं होतं म्हनून मी मुद्दाम गाडी थांबवली. नुसतं पालथं मडकं."

"कधीची गोष्ट?"

"कालचीच की. भर दुपारची."

गाडी पुढं गेली. जयवंताबाई चालता चालता म्हणाली, "मोट बिघडली असन. मोट बिघडली तं वाळूत पानी नाही, पानी नाही तं मडकं गार नाही. गरम कढी तो कायले देईन लोकायले? शहाना हाय."

"हो आत्याबाई," रुख्मिणी म्हणाली. पण ते तिला पटलं नाही.

कारण अमरावतीला यायचं आत्याबाईंच्या मनात नव्हतंच. उन्हाळ्यात त्या निंब सोडून कुठं जात नसत. हे रुख्मिणीनं घडवून आणलं होतं. खरं म्हणजे सहदेवनं. लग्नाला बरीच वर्षं झाली, रुख्मिणीची कूस उजवली नव्हती. एका रात्री नवरा तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाला होता, "तू अंबामायले नवस बोलली म्हनून आईले सांग. आईले घेऊन जाय. तिच्या हातानं ओटी भरली तं देवी पावन." इतक्या मायेनं तो पूर्वी कधी ह्या विषयावर बोलला नव्हता. ती रात्रभर त्या शब्दांवर जागी राहिली होती. आणि अमरावतीला देवीपुढं ओटी भरताना तिनं डोळे मिटून आधी त्याच्यासाठी मागितलं, मग मुलासाठी.

पुढं एका बाभळीखाली उस्मानभाईची गाडी सोडलेली दिसली. बैलांना चारा टाकून तो चिलीम भरत होता. जयवंताबाईला पाहून तो उठून उभा राहिला. नेहमी तो लांबूनच "अम्मा, नीचेवाला!" म्हणून हाक मारायचा. आज त्यानं नुसतं कपाळाला हात लावला.

"काय रे उस्मान, उमरीहून आला ना? माह्या लेकानं बुडातलं देल्लं का तुले?"

उस्मानभाईनं चिलमीकडं पाहिलं. "अम्मा, धूप बहुत है। घर पहुँचो पहले।"

"अरे पन कढी?"

"घर पहुँचो, अम्मा," तो पुन्हा म्हणाला, आणि कमरेची तंबाखूची थैली उगाच सोडून पुन्हा बांधू लागला. त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला. जयवंताबाईनं तो घेतला नाही. तिथून निघाल्यावर तिनं मोटेचं नाव पुन्हा घेतलं नाही.

कुरुम गाव जवळ आलं तशी रस्त्याच्या कडेला गर्दी दिसू लागली. आगगाडीच्या रस्त्यासाठी मातीचा भराव टाकायचं काम तिकडं चाललं होतं, त्याचे बिगारी, पाथरवट, बाया, गाडीवान, सगळे एका मांडवाभोवती जमले होते. मांडवात एक जाड्या माणूस मडक्यातून डावानं काहीतरी वाढत होता आणि ओरडत होता.

"घ्या, घ्या! उमरीच्या जयवंता बुढीची कढी! न शिजलेली, न तापलेली! एक ढबू द्या, जीव थंड करा!"

जयवंताबाई जागच्या जागी थांबली. मग तिला हसूच फुटलं.

"ऐकलं का वं? माह्या नावानं इकून राहिला!"

"मी जाऊन सांगतो त्याले," रुख्मिणी चिडून म्हणाली.

"गप वं. लोकायचा घसा तं भिजते ना? थांब, पाहू तं खरं, जमली का त्याले."

तिनं पदराच्या गाठीतला ढबू पैसा सोडला. उभ्या आयुष्यात तिनं कढीचा पैसा घेतला नव्हता, आज दिला. जानराव, म्हणजे तो मांडववाला, द्रोण भरून देताना म्हणाला, "बसा बुढे, सावलीत बसा. अशी कढी अमरावतीतही भेटनार नाही."

आजूबाजूला माणसं पीत होती. कुणी ओरपत होतं, कुणी भाकर बुडवत होतं, एक पाथरवट मानेवर उरलेलं ओतून घेत होता आणि बाकीचे त्याला हसत होते. जयवंताबाईनं एक घोट घेतला. तो तिनं तोंडातच धरून ठेवला. मग गिळला, आणि द्रोणातला कीस चिमटीत धरून पाहिला.

"कडू हाय," ती म्हणाली.

"कडू?" जानरावला राग आला. "उमरीचं वाळूक हाय हे, बुढे. खुद्द त्या जयवंताच्या मळ्यातलं."

"ह्यात बोटभराची पिल्लं किसली हायेत. फूल गळलं नाही अशी. इतकी कोवळी कोन तोडते?"

"मी कुठी तोडली? मले गाडी भरून आली. लहान, मोठं, पिकेल, सगळं एका ढिगात. वेलच उपटले ना त्यानं."

"कोनं?"

"तिच्या पोरानं. सहदेव म्हनून हाय, तोंडावर देवीचे वन हायेत, लय हसतमुख मानूस. परवाच नांगर घातला तठी, कपाशी पेरनार हाय. मी म्हटलं, आई काही म्हनत नाही का रे? तं म्हने, आईनंच सांगतलं. थकली म्हने आता, तिलेच नको हाय मळा."

रुख्मिणीनं डोक्यावरचं गाठोडं खाली आपटलं. ती पुढं होऊन बोलणार तोच सासूनं तिच्या दंडाला असा चिमटा घेतला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"असं म्हने का तो," जयवंताबाई म्हणाली. "तिलेच नको हाय."

"हो ना. चांगला पोरगा. आईच्या जिवाले आराम देऊन राहिला."

मांडवाच्या कुडाजवळ वाळकांचा ढीग होता. त्याच्या पलीकडं जानरावचा बैल बांधलेला, त्याच्यापुढं नासकी आणि पिकलेली फळं टाकली होती. जयवंताबाईची नजर तिकडं गेली. बैलाच्या तोंडात एका मोठ्या पिवळ्या वाळकाचा तुकडा होता, तो आरामात चावत होता. दुसरा अर्धा त्याच्या खुरांशी पडला होता. त्या अर्ध्याच्या डेखाला लाल धागा होता.

ती धावली नाही. पण इतक्या भरभर गेली की बैल दचकून मागं सरला. खाली वाकून तिनं तो अर्धा तुकडा उचलला आणि पदराखाली घेतला.

"अवं बुढे, ते पिकेल हाय! कढीत चालत नाही!" जानराव हसत म्हणाला. "पायजे तं चांगलं घेऊन जाय एखादं."

"हेच दे मले."

"घे बाप्पा. बैलाच्या तोंडचं घेऊन काय करते कोन जाने!"

लोक हसले. जयवंताबाईनं निघताना मागं वळून पाहिलं. मडक्याभोवती अजून माणसं येतच होती, उन्हानं काळवंडलेली, ओठ फुटलेली.

"ऐक बापू," ती जानरावला म्हणाली. "किसायच्या आंदी डेखाकडची चकती काप अन् त्याच जागी घासत जाय. फेस येईन, तो पुसून टाक. कडूपना त्या फेसासंगं निंघून जाते. लोकं तहानेले येतेत, त्यायले कडू नको पाजू."

"तुले लय माईती!"

"ऐकलं होतं कुठीतरी," ती म्हणाली.

मांडव दिसेनासा झाल्यावर ती रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसली. पदराखालचं वाळूक काढून मांडीवर ठेवलं. बराच वेळ त्या धाग्यावर अंगठा फिरवत राहिली. मग रुख्मिणीकडं न पाहता तिनं विचारलं.

"तुले माईत होतं?"

"आत्याबाई!"

"नवस तू बोलली. मले घेऊन तू आली. तुले माईत होतं?"

"अंबामायची आन, आत्याबाई, मले..."

"आन नको घेऊ," जयवंताबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आन त्यानंही घेतली होती."

रुख्मिणी तिच्या समोर धुळीतच बसली. शपथेशिवाय माणूस आपलं खरं कसं सिद्ध करणार? मग तिनं जे होतं ते सांगून टाकलं. ती रात्र, केसांवरून फिरलेला हात, तू नवस बोलली म्हणून सांग हे त्याचे शब्द. "मी बोलली नोती नवस," ती म्हणाली. "त्यानं सांगतलं म्हनून बोलली. मले वाटलं, त्याले माही काळजी हाय. मी देवीपुढं तोंड वर करून त्याच्यासाठी मांगून आली, आत्याबाई. अन् तो इकडं..."

जयवंताबाईनं आता तिच्याकडं पाहिलं. लेकानं आईला फसवलं होतं, मातामायला फसवलं होतं. आणि ह्या पोरीची रिकामी ओटी त्यानं नांगराला बैल जुंपावा तशी कामाला जुंपली होती.

"म्हंजे तुलेही," ती म्हणाली.

बस एवढंच. मग तिनं हात धरून सुनेला उठवलं आणि आपल्याच दगडावर सरकून तिला जागा दिली. दोघी अंगाला अंग लावून बसल्या. गाड्या जात होत्या. कापसाचे तंतू उडून बाभळीच्या काट्यांना अडकले होते, साऱ्या रस्त्याला जणू पांढरी बुरशी आली होती.

थोड्या वेळानं जयवंताबाईनं वाळकाच्या पोटातलं बी बोटानं ओढून काढलं. बरंचसं बैलानं खाल्लं होतं. जवळून जाणाऱ्या गाडीवानाकडून चिलमीची राख मागून घेतली, बियांना चोळली, बुळबुळ गेली तशी पदराच्या टोकावर पसरून वाऱ्याला धरली. धागासुद्धा सोडून घेतला. उरलेली साल तिनं बाभळीच्या बुंध्याशी ठेवली आणि हात जोडले.

"त्याले बोलाल ना तुमी?" रुख्मिणीनं विचारलं. "चांगलं बोला त्याले. गावापुढं बोला."

"काय बोलू?"

"इचारा, बेलभंडार कायले उचलला होता म्हनून!"

"तो हसन," जयवंताबाई म्हणाली. "गालावरचे वन आत जातीन. मंग मले ते बोळ्यानं पाजलेलं आठवन. अन् मीच म्हनीन, जाऊ दे रे, जेवाले चाल."

रुख्मिणी तिच्याकडं पाहतच राहिली. रागानं, आणि दयेनंही. ही बाई जानरावला शब्दानंही ओळख न देता आली ती कशासाठी, हे तिला आता कळलं. पोराची लाज तिनं परक्या माणसापुढं झाकली होती. ज्यानं तिला उघडं पाडलं, त्याची.

ऊन कलायला लागलं तेव्हा निंब दिसला. त्याच्याखाली माणूस नव्हतं. मातामायच्या गोट्यांजवळ मडकं पालथं होतं, त्याच्या बुडावर कावळा बसला होता. आणि निंबाच्या पलीकडं, जिथं रस्त्यावरून हिरवं दिसायचं, तिथं काळी माती उलटून पडली होती, ओल्या ढेकळांची, विहिरीच्या काठापर्यंत. उपटलेले वेल बांधावर टाकलेले होते. पिवळी फुलं अजून त्यांना चिकटून होती, सुकून कागदासारखी झालेली.

जयवंताबाई गोट्यांपुढं वाकली. मडकं सरळ केलं, पदरानं पुसलं. आत कोळ्यानं जाळं धरलं होतं. एक दिवससुद्धा कढी वाटली गेली नव्हती, अगदी पहिलासुद्धा. तिनं डोकं टेकलं आणि ओठांतल्या ओठांत काही म्हटलं. रुख्मिणीला ऐकू आलं नाही, पण तिला वाटलं की ही माफी मागते आहे, आणि स्वतःसाठी नाही.

तेवढ्यात विहिरीकडून हाक आली. "आली व माय! आली का माही माय!" सहदेव बांधावरून उतरून त्यांच्याकडं धावत येत होता, दोन्ही हात पसरून, लांबूनच हसत. त्याच्या पायांना काळी माती होती.

जयवंताबाईनं झटकन पदराची गाठ सोडली. बियांची पुरचुंडी आणि तो लाल धागा रुख्मिणीच्या हातात कोंबला, तिची बोटं स्वतःच्या हातानं मिटली.

"हे तुह्या माहेरी ने, नायतं कुठीही ने," ती भरभर म्हणाली. "पान्याजवळ लाव. पहिल्या फळाले धागा बांध, अन् मातामायचं नाव घेऊन लोकायले पाज. करशील?"

"करीन, आत्याबाई."

सहदेव आता इतका जवळ आला होता की त्याचे व्रण दिसत होते. जयवंताबाईच्या चेहऱ्यावर, तिच्या मनात नसताना, हसू येऊ लागलं होतं. तिनं सुनेची मूठ आणखी घट्ट दाबली.

"अन् कुठी लावलं ते मले कधीच सांगू नको, माय. त्यानं इचारलं तं मी सांगून टाकीन."